जावईबापूंचं आमेन

घड्याळजीच्या घरी प्रार्थना संपल्याशिवाय कुणी चमचा उचलायचा नाही, आणि घरधन्यानं ‘आमेन’ म्हटल्याशिवाय प्रार्थना संपली असं धरायचं नाही. दर रविवारी एकट्या राहणाऱ्या सासूबाई जेवायला येत आणि साऱ्या गणगोताची दुखणी देवाच्या कानावर घालत. इकडे घड्याळजीच्या पोटात कावळे कोकलत. बाई श्वास घ्यायला थांबल्या रे थांबल्या, की हा दणदणीत ‘आमेन’ ठोकून मोकळा!

त्या रविवारीही त्यानं तेच केलं. डोळे उघडले तर बायको रडत होती.

“तुमचं मन एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं हो!”

घड्याळजीनं हसून घास घेतला. कौतुक कशाचं का असेना, जेवण गरम होतं.

सोमवारी सासूबाई ट्रंकेसकट दारात.

“आईनं देवाकडे या घरात एक खाट मागितली,” बायको म्हणाली. “आमेन तुम्हीच म्हणालात ना?”

तो तडक चर्चमध्ये पाळकसाहेबांकडे गेला. “आमेन मागे घेता येतं का हो?”

“आमेन म्हणजे ‘तसंच होवो’. तुम्ही देवासमोर होकार दिलात.”

“अहो, मी भुकेपोटी म्हणालो!”

“बरेच जण भुकेपोटीच म्हणतात,” पाळकसाहेब उसासा टाकून म्हणाले.

मग सासूबाईंना दिलेल्या खोलीतली दुरुस्तीची घड्याळं स्वयंपाकघरात आली, तिथून कपाटात, शेवटी पलंगाखाली. पाठीखालून टोले पडू लागल्यावर घड्याळजीची झोप उडाली आणि एका गिऱ्हाइकाला त्यानं उलटं चालणारं घड्याळ दिलं. एक भिंतीवरचं घड्याळ मात्र सासूबाईंनी हट्टानं आपल्या खोलीत ठेवून घेतलं.

“टिकटिकीचा त्रास नाही होत?” त्यानं विचारलं.

“त्रास कसला? माझ्या घरात माझ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता, जावईबापू.”

घड्याळजीला फार वाईट वाटलं. त्यानं त्या घड्याळाला किल्ली देऊन ठेवली.

पुढच्या रविवारी सासूबाईंची प्रार्थना अगदीच आखूड झाली. “देवा, जावईबापूंची अडचण होतेय. उद्या मला माझ्या घरी सुखरूप पोचव.”

त्या थांबल्या. सगळे थांबले. भाजीवरची वाफ विरून गेली.

“अहो, म्हणा ना,” बायको कुजबुजली.

“जेवण गार होतंय, जावईबापू,” सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

“मागणं बदला, आई,” घड्याळजी म्हणाला. “लवकर बदला. मला फार भूक लागलीय.”