वाया जाणारं पाणी

भाजीवाल्यानं मिरच्यांसोबत कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या, की आमचे शेजारी अण्णा त्या वेचून परत गाडीवर ठेवतात. "लागली तर इकत घीन. फुकटचं आपल्याला पचत नाय." भाजीवाला बिचारा ओशाळतो.

अण्णा फुलंब्रीकडून शहरात आले, क्रांती चौकाजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं, घर बांधलं, मुलं शिकवली. आता मुलं पुण्यात. काकू जाऊनही बरीच वर्षं झाली. उरले अण्णा, त्यांचा ओटा आणि त्यांचं तत्त्वज्ञान. सरकारनं कुणाला काही दिल्याची बातमी आली, की चष्मा पुसत सुरू होतात, "ज्याचं त्यानं कमवावं. मला कोनी दिलं व्हतं?"

भिंतीपलीकडच्या शोभाताई दवाखान्यात नर्स आहेत. त्या काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत.

"अण्णा, मी शिष्यवृत्तीवर शिकले."

"मंग अभ्यास तू केला का शिष्यवृत्तीनं?"

"मीच केला. पण पुस्तकं तिच्यामुळंच आली ना? तुमच्या घरी निदान विहीर होती. आमचे वडील दुसऱ्यांच्या विहिरी खांदायचे."

यावर अण्णा एकदम उन्हाळ्याविषयी बोलू लागतात. दुसऱ्या दिवशी तोच वाद, तोच ओटा. दोघंही हरायला तयार नाहीत आणि थांबायलाही नाहीत.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. अण्णांच्या गच्चीवरची टाकी हत्ती डुंबेल एवढी. शोभाताईंची इवलीशी, निम्म्या आठवड्यातच तळ दाखवणारी. पाणी आलं की अण्णा मोटार लावायचे, टाकी भरून वाहायची, आणि वाहत्या पाण्याचा पाइप नेमका भिंतीवरून शोभाताईंच्या ड्रमात उतरायचा.

"मोटार आपोआप बंद करायचं बटन बिघडलंय," अण्णा सांगायचे. "वाया चाललंय तर घे बाई. मी काय देत नाय कुनाला."

जन्मभर गावाच्या मोटारी दुरुस्त केलेल्या माणसाचं घरचं बटण वर्षानुवर्षं बिघडलेलं! मी एकदा मिस्त्री घेऊन गेलो, तर अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

ड्रम भरले की पलीकडून हाक यायची, "अण्णा, भरलं हो, बंद करा." तोवर अण्णा बटणापाशी उभे असायचे. वाद घालायला त्यांना गल्ली पडली होती. पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे सांगणारी हाक तेवढी एकच होती.

यंदा शोभाताईंनी मोठी टाकी बसवली. "बेस झालं. सोताच्या कमाईची हाय," अण्णा म्हणाले खरे, पण चेहरा उतरला होता. पुढच्या खेपेला पाणी आलं तेव्हा त्यांची टाकी भरली आणि मोटार आपोआप बंद झाली. बटण चांगलं ठणठणीत होतं. अण्णा ओट्यावर येऊन नुसते बसून राहिले. मला त्यांच्याकडं बघवेना.

तेवढ्यात भिंतीवरून एक नवाकोरा पाइप अण्णांच्या अंगणात आला आणि काकूंच्या मोगऱ्यावर धो धो पाणी पडू लागलं.

"अण्णा," पलीकडून शोभाताई म्हणाल्या, "आमचंही बटण बिघडलं बघा. वाया चाललंय."

अण्णांनी तोंड उघडलं. आता ‘फुकटचं पचत नाय’ ऐकायला मिळणार, म्हणून मी सरसावून बसलो. पण ते उठले, आतून बादली आणली आणि धारेखाली ठेवली.

"शोभा," ते म्हणाले, "घाई करू नको. भरली की मी हाक मारतो."