आठवण म्हणून, दुसरं काही नाही

भाऊंचे निधन सकाळी, रेडिओवरच्या बातम्यांना उत्तर देता देता झाले. बातम्या देणाऱ्याचे म्हणणे पूर्ण झाले, भाऊंचे राहून गेले. हयातभर त्यांनी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र हट्टाने तळमजल्यावर राहिले. कारण विचारले की म्हणत, "मी त्या आतून बघितल्यात."

कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या मागे कोणताही पेच नव्हता. घर त्यांनी आधीच पत्नीच्या नावावर केले होते आणि एकुलत्या एक लेकीची त्याला काही हरकत नव्हती. राहिल्या त्या घरातल्या वस्तू. त्या कोणाच्याच नावावर नसल्यामुळे त्यांच्यावर सर्वांचाच हक्क होता.

हा हक्क प्रथम बजावला तो भाऊंच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आत्यांनी. त्या सांत्वनाला आल्या, भाऊंच्या पत्नीच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडता रडता त्यांची नजर वहिनींच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर गेली. (भाऊंच्या पत्नीला सारी इमारत वहिनीच म्हणत असे, म्हणून आपणही म्हणू.)

"मला काही नको गं वहिनी," आत्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझा दादाच गेला, आता कसल्या वस्तू न् काय! फक्त आठवण म्हणून ते घड्याळ दे. दुसरं काही नाही."

वहिनींनी घड्याळ काढून दिले. दुःखात असलेल्या माणसाला नाही म्हणायला सुचत नाही, आणि ही गोष्ट नातेवाइकांमध्ये फार लवकर पसरते.

दुसऱ्या दिवशी वहिनींचे थोरले बंधू, मामा, आले. त्यांना शिडी हवी होती. "भाऊ म्हटलं की मला शिडीवरचे भाऊच दिसतात," ते म्हणाले. शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले आणि पाणी तापवायचा गिझर बघून गहिवरले. भाऊंच्या स्वभावातली ऊब त्यांना त्यात जाणवली. मग आत्या पुन्हा आल्या. घड्याळाकडे पाहून नुसती वेळ कळते, माणूस कळत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटच्या भेटीत दादाने त्यांना ज्या फ्रिजमधले गार पाणी दिले तो फ्रिज त्या सोबत आणलेल्या टेम्पोतून घेऊन गेल्या. टेम्पो आधीच ठरवून आणलेला होता. शोक उत्स्फूर्त असला तरी वाहतूक उत्स्फूर्त असून चालत नाही.

लेक कागदपत्रांच्या धावपळीतून मोकळी होऊन घरी आली तेव्हा आई उपड्या बादलीवर बसून भाजी निवडत होती.

"आई, खुर्च्या कुठे गेल्या?"

"आठवण म्हणून गेल्या," वहिनी म्हणाल्या. "बस ना. दुसरी बादली आहे अजून. लवकर बस."

लेक बस आगारातल्या हरवल्या-सापडल्या विभागाची प्रमुख होती. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती, कारण आधी दाखला काढायचा होता, मग दाखल्यातली चूक दुरुस्त करायची होती, आणि मग ती दुरुस्ती दुरुस्त करायची होती. आता हाताला काम उरले नव्हते आणि रडण्यावाचून गत्यंतर दिसत नव्हते. तेवढ्यात तिला हा गोंधळ दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने तत्काळ एक समिती नेमली. अध्यक्ष, सचिव आणि शिपाई ही तिन्ही पदे तिने स्वतःकडे ठेवली.

समितीचे आदेश दारावर लागले. यापुढे कोणतीही वस्तू केवळ मागितली म्हणून मिळणार नाही. अर्जदाराने वस्तूशी निगडित आठवण सांगावी, आठवणीस साक्षीदार असावा, आणि दुःखाची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा अधिकार समितीस राहील.

"अगं पण घर माझं आहे ना?" वहिनींनी विचारले.

"आई, तू यात पडू नकोस. तू संबंधित पक्ष आहेस."

लोक आता तरी खजील होतील, असा लेकीचा अंदाज होता. पण नियम पाहिल्यावर लोकांना प्रथमच वाटले की इथे काहीतरी मोलाचे वाटले जाते आहे. ज्यांना भाऊ नीट आठवतही नव्हते तेसुद्धा रांगेत उभे राहिले. हेडमास्तरांनी 'आठवण कशी सांगावी' याचा वर्ग काढला. सुरुवात लहानपणापासून करावी, मध्ये एकदा थांबून आवंढा गिळावा आणि वस्तूचे नाव शेवटी, जणू सहज आठवल्यासारखे घ्यावे, हे ते घोटून घेत. पहिल्या तुकडीतल्या सर्वांनी एकाच ठिकाणी आवंढा गिळला, तेव्हा समितीला संशय आला.

साक्षी सुरू झाल्या. "तू मला मुलासारखा आहेस," असे भाऊ फक्त आपल्यालाच म्हणाले होते, हे एकूण अकरा जणांनी शपथेवर सांगितले. त्यांत मामाही होते. ते भाऊंपेक्षा वयाने मोठे होते.

"मुलासारखे कसे असाल तुम्ही, मामा?" लेकीने विचारले.

"प्रेमाला वय असतं का?" मामा म्हणाले आणि शिडीपाठोपाठ कपाटालाही पात्र ठरले.

दुःखाच्या पडताळणीत मात्र आत्यांवर आक्षेप आला. त्या मालिका बघतानाही रडतात, तेव्हा त्यांचे अश्रू सर्वसाधारण धरावेत, विशेष धरू नयेत, असे हेडमास्तरांचे म्हणणे. आत्या भडकल्या. "मालिकेला मी डाव्या डोळ्याने रडते, दादासाठी दोन्ही!" समितीने प्रात्यक्षिक घेतले. दावा खरा निघाला.

बघता बघता घर रिकामे झाले. शेवटी दारातून न निघणारा पलंग आणि दोरीवर वाळत असलेला भाऊंचा एक टॉवेल एवढेच उरले. टॉवेल इतका झिजला होता की त्यातून पलीकडची भिंत दिसे. त्यासाठी कोणाचाच अर्ज नव्हता.

"हा मी ठेवते," वहिनी म्हणाल्या.

"ठेव गं. पण अर्ज कर," लेक म्हणाली. "नाहीतर आत्या म्हणेल, घरच्यांना वेगळा न्याय."

वहिनींनी अर्ज केला, आणि तिथेच घात झाला. खुद्द वहिनी टॉवेल मागतात म्हणजे त्यात काहीतरी असणार! संध्याकाळपर्यंत टॉवेलसाठी इतके अर्ज आले, की सुनावणी जिन्यात घ्यावी लागली. लोक पायऱ्यांवर बसले, वहिनी खाली उभ्या राहिल्या.

मामांनी साक्ष दिली, "माझी बहीण आहे, पण खरं ते बोललं पाहिजे. या दोघांना मी कधी गोड बोलताना ऐकलं नाही. हाक मारायची झाली तर भाऊ नुसते खोकायचे."

"आणि हिला कळायचं, चहाचा खोकला कुठला आणि चष्म्याचा कुठला," आत्यांच्या तोंडून निघून गेले. मग आपण विरुद्ध बाजूच्या आहोत हे लक्षात येऊन त्यांनी ते वाक्य नोंदीतून काढायला सांगितले.

लेकीने घसा साफ केला. "अर्जदाराने टॉवेलशी निगडित आठवण सांगावी."

वहिनींनी पदराशी चाळा केला. "आठवण कसली? आंघोळ झाली की हे ओला टॉवेल पलंगावर टाकायचे. रोज. आणि तोही माझ्या बाजूला. 'अहो, दोरी कशाला बांधलीय?' म्हटलं की म्हणायचे, 'तू उचलतेसच ना.' संसारभर मी एवढंच ओरडत आले."

"ही आठवण नव्हे, तक्रार आहे," हेडमास्तर वरच्या पायरीवरून म्हणाले. "ग्राह्य धरता येणार नाही."

"परवा झोप लागेना," वहिनी कोणाकडेही न बघता बोलत राहिल्या. "पलंग कोरडा ठणठणीत. शेवटी मीच उठले, टॉवेल ओला केला, पिळला, आणि माझ्या बाजूला टाकला. मग चांगली खेकसले, 'किती वेळा सांगायचं तुम्हाला!' खालची गादीसुद्धा भिजली. मग लागला डोळा."

लेक निकाल देण्यासाठी उभी राहिली. "नियमानुसार सदर आठवण तक्रारीच्या स्वरूपाची असल्याने—" इथपर्यंत आली आणि तिला हसू फुटले. तिने ते दाबले, ते नाकातून बाहेर आले. ते बघून वहिनींना फुटले. "गादीसुद्धा, आई?" "गादीसुद्धा गं!" दोघी एकमेकींना धरून, कठड्याला टेकून, खाली बसून हसू लागल्या. हसता हसता लेकीचा आवाज कधी फाटला ते तिलाही कळले नाही. दाखले, दुरुस्त्या, आदेश, सगळे तिच्या डोळ्यांतून वाहू लागले आणि ती आईच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी हमसून रडली.

"हे हसणं धरायचं की रडणं?" आत्यांनी हळूच विचारले.

"दोन्ही डोळ्यांतून येतंय," मामा वाकून बघत म्हणाले.

त्याच जिन्यात समिती बरखास्त झाली. टॉवेल वहिनींनी काखेत मारला आणि आत जाऊन दार लावून घेतले. हेडमास्तरांनी या एकतर्फी निर्णयाविरुद्ध अपील करण्याची घोषणा केली, पण अपील ऐकणारा शिपाईही आतच गेला होता.

यानंतर थोड्याच दिवसांत आत्या धापा टाकत आल्या. "वहिनी, आठवण बंद पडली गं. सगळं दूध नासलं. दादा काय करायचा?"

"लाथ मारायचे," वहिनी म्हणाल्या. "उजव्या बाजूला, खाली. आणि वर शिवी द्यायचे, ती मी सांगणार नाही."

मागोमाग हेडमास्तर आले. गिझरला हात लावला की भाऊंची ऊब पार खांद्यापर्यंत जात होती. मामा तर शिडीवरून पडून प्लास्टरमध्येच आले. उभ्या घरातली एकही वस्तू धड नव्हती. भाऊ लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत आणि स्वतःच्या घराची नुसती समजूत काढत. सगळ्यांनी सगळे परत करायची तयारी दाखवली.

लेकीने एक शेवटचा आदेश काढला. दिलेल्या आठवणी परत घेतल्या जाणार नाहीत.

आजमितीस भाऊंची सर्वांत जास्त आणि सर्वांत खरी आठवण आत्यांच्या स्वयंपाकघरात, रोज, फ्रिजला लाथ घालताना काढली जाते. शिवीसुद्धा आत्यांनी आपोआप शोधून काढली. वहिनी नव्या खुर्चीत बसून नवा रेडिओ ऐकतात आणि अधूनमधून त्याला उलट उत्तर देतात.

एव्हाना तुम्हाला या माणसांचे हसू आले असेल. यावे. परंतु हे वाचता वाचता, कोणा जिवंत, धडधाकट नातेवाइकाच्या घरातली एक विशिष्ट वस्तू तुमच्या डोळ्यांपुढून सरकून गेली आहे, होय ना? तो माणूस अजून आहे, तेव्हा त्याला आज एक फोन करा. वस्तूचा विषय काढू नका. आणि मागच्या खेपेला तुमच्या घरी आलेला पाहुणा तुमची तब्येत विचारताना तुमच्या कपाटाच्या उंचीचा अंदाज का घेत होता, हेही जमल्यास आठवून बघा.