कानपिळ्या जगू

जगूला नवा माणूस भेटला की तो आधी त्याचे कान बघतो. तोंड नंतर. बडोद्यातल्या आमच्या हरणी रोडच्या सोसायटीत बँकेतले एक साहेब राहायला आले. सामान अजून टेम्पोतच होतं. जगू त्यांच्या मुलाकडे टक लावून बघत मला हळूच म्हणाला, "काका, कान सरस छे. जाडो. पण लगनला टाइम छे हजी." पोरगं होतं सातवीतलं.

वाचणाऱ्याला वाटेल, डोकं फिरलेलं असणार. मलाही वाटलं होतं. मी चौथीपुढं शाळा पाहिली नाही, कोयलीच्या तेल कारखान्याकडं टँकर चालवण्यात जन्म गेला, पण माणूस ओळखायला मला कधी दुसऱ्याला विचारावं लागलं नाही. जगूच्या बाबतीत मात्र फार वेळ लागला.

त्याचं आमच्याच भिंतीला लागून घर. पुढच्या खोलीत दुकान. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, जळलेलं काही असेल ते आणून द्यायचं. तो वायंडिंग करून देणार आणि सोबत तुमच्या घरी लग्नाची मुलगी आहे का, तिला भाऊ आहे का, हेही विचारून घेणार. लोकांना वाटायचं, दलाली करतो. तसं नव्हतं. त्याला फक्त कान पिळायचा असायचा.

आपल्या लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढंच त्यात सांगणं. बदल्यात भावाला कपड्याचा मान मिळतो. आता जिला भाऊच नाही तिनं काय करायचं? आमच्या गल्लीतल्या उषाच्या लग्नात हेच झालं. सगळ्या बहिणीच. गुरुजींनी हाक दिली, "नवरीचा भाऊ या पुढं." मांडवात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. जगू स्टुलावर चढून बंद पडलेला पंखा बघत होता. वरूनच ओरडला, "हूं छूं ने! मी आहे ना!" उतरला, हात धोतराला पुसले, धोतर गुरुजींचं होतं, आणि नवऱ्याचा कान असा पिळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कानाशी तोंड नेऊन दमही दिला, "बेनला त्रास दिला तर कान घरी घेऊन जाईन."

तेव्हापासून बडोद्यात जिथं म्हणून भाऊ कमी पडेल तिथून जगूला बोलावणं येऊ लागलं. कोणाच्या घरात बाप नसायचा, कोणाच्या घरात नुसता बापच. दोन मास्तरणींनी मिळून दत्तक घेतलेली मंजुळा होती, त्या दोघींची लग्नंच झाली नव्हती. आजीनं वाढवलेल्या होत्या, सावत्र आईनं जीव लावलेल्या होत्या. मर्सी नावाच्या नर्सची मुलगी आपल्या एका पोराशी लग्न करत होती, तर तिच्यासाठीही हाच उभा. मर्सीबाईंनी विचारलं, "आमच्यात ही पद्धत नाही, चालेल?" जगू म्हणाला, "कान तो बधाचे, सगळ्यांचे सारखेच ने, बेन."

एकदा तर गुजराती लग्नात गोंधळ घातला. त्यांच्यात भावानं बहिणीच्या ओंजळीत जव-तीळ टाकायचे, काम संपलं. जगूनं टाकले, आणि वर नवऱ्याचा कानही पिळला. वरपक्ष उठून उभा राहिला. जगू शांतपणे म्हणाला, "तुमच्यात सासू नाक खेंचते ते चालते. मग कानानं काय घोडं मारलं?"

मानाच्या कापडाचे तो शर्ट शिवून घ्यायचा. दुसरे शर्ट त्याच्याकडं नव्हतेच. सकाळी दुकान उघडताना मी ओट्यावरून विचारायचो, "आज कोण?" तो कॉलर धरून सांगायचा, "आज मंजुळाबेन." कधी उषाबेन, कधी मर्सीवाळी. उषाबेन कोपराला फाटली तेव्हा त्यानं ठिगळ लावून घातली, टाकली नाही.

जगू मराठी की गुजराती, हे कोणाला सांगता येत नाही. मराठी त्याला गुजराती समजतात, गुजराती त्याला मराठी समजतात. तो आश्रमात वाढला. नाव तिथलंच, आडनाव नाही. एका चौकस बाईंनी त्याला खोदून विचारलं, तर म्हणाला, "आश्रमात दूध भैंसचं पीत होतो. भैंस कुठली ते कोणी सांगितलं नाय."

आता आमच्या घराचं सांगतो. माझी मुलगी शालन, तिचा नवरा सुरतेला दुसरं घर करून बसला. शालन पदरात वर्षाची वैशाली घेऊन परत आली. मी, आमची मंडळी, शालन आणि ही नात. लोक विचारायचे, "घरात कर्तं कोणी?" मी म्हणायचो, "मग मी काय तुळशीवृंदावन आहे?" पण खरं सांगायचं तर मी निम्मे दिवस टँकरवर. पोरीला शाळेत सोडायला जगूची स्कूटर. गोवर आला तेव्हा खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळाला तोही जगूच. तिला अंधाराची भीती, म्हणून त्यानं आमच्या जिन्यात स्वतःहून दिवा बसवला. वायर त्याच्या मीटरवरून.

वैशालीचं लग्न करजणच्या मुलाशी ठरलं. मुलगा चांगला, केमिकलच्या कारखान्यात. जगूनं ठरल्या दिवसापासून नखं कापायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी रॉकेलनं हात धुवायचा, काळे डाग जावेत म्हणून. "काका, ह्या टायमाला हाथ चोखा पाहिजे," म्हणायचा.

लग्नात गुरुजींनी हाक दिली. जगू पुढं झाला. तेवढ्यात मुलाचे काका, साताऱ्याकडून आलेले, फेटा सावरत आडवे आले.

"हे मुलीचे कोण?"

"भाऊ," मी म्हणालो.

"सख्खे तर नसणार. चुलत की मावस?"

"भिंतभाऊ," जगूच बोलला. "भिंत एकच छे ने आमची."

कोणी हसलं नाही. काका म्हणाले, "राग मानू नका, पण होमापुढं उभं राहायचं तर कूळ माहीत हवं. आमच्या भावकीतला एखादा मुलगा उभा करू. नुसता मान तर आहे."

"बराबर छे," जगू म्हणाला, आणि जाऊन मागं पाण्याच्या पिंपाजवळच्या खुर्चीवर बसला. इतक्या वर्षांत त्याला मांडवात बसलेला मी पाहिला नव्हता.

मी उठलो. "पाहुणे, आमचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. पैदास विचारायची पद्धत आम्हांलाही माहीत आहे. ती घोड्याची. ह्या पोरीच्या बापाचं कूळ तुमच्याहूनही वरचढ आहे, आणि तो आज सुरतेला दुपारची झोप काढतोय. तिला विचारा, कुठलं कूळ तिच्या कामाला आलं."

"आजोबा, पुरे," शालन माझी बाही ओढत म्हणाली. वैशालीच्या तोंडून ऐकून शालनही मला आजोबाच म्हणायची. पण पुरे कसलं! जगू उभा राहील, नाहीतर होम विझेल, असं मी सांगून टाकलं. गुरुजींनी तूप बाजूला ठेवलं.

तेव्हा वैशाली पाटावरूनच म्हणाली, "जगूमामा... नाही, जगूभाऊ, या ना." आणि नवऱ्या मुलानं, शहाणा पोरगा, काही न बोलता मुंडावळ्या बाजूला केल्या, मान वाकडी केली आणि कान पुढं काढून दिला.

जगू आला. कान धरला. मांडवातली पोरं ओरडली, "पिळा, जगूभाई!" त्याची बोटं नुसती कानावर टेकलेली. दम नाही, काही नाही. मग हात काढून घेत तो म्हणाला, "पिळलो ने." त्यानं पिळला नव्हता. मी जवळ होतो.

पाठवणी झाली. संध्याकाळी घरात बसवेना म्हणून मी ओट्यावर आलो, तर जगू आधीच बसलेला.

"काका, एक वात पूछूं?"

"पूछ."

"पहिली दिवाळीला बेनला सासरहून आणायला कोण जातो?"

"भाऊ जातो."

"हां." त्यानं आपले चोखे हात उलटसुलट करून पाहिले. "कान पिळायला बधा बोलावतात. आणायला मला कोणी पाठवत नाय. हॉलपर्यंत मी भाऊ. हॉलच्या बहार जगू मिस्त्री."

भाऊबीजेला सगळा बाजार बंद असताना ह्याचं एकट्याचं दुकान उघडं असायचं. आम्ही म्हणायचो, काय ही कमाईची हाव! त्या संध्याकाळी त्यानं सांगितलं, "एखादी बेन वाट चुकून आली, तो दुकान बंद नको."

अशा वेळी मी ओरडतो, माझा स्वभाव आहे. "मग करजणला काय मी जाऊ ह्या गुडघ्यांनी? तूच जाशील आणायला. आणि उशीर करू नकोस!"

नवरात्रापासून त्यानं माझा जीव खाल्ला. बस कुठली, आहेर काय न्यायचा, सासूला आधी नमस्कार करायचा की सासऱ्याला. शेवटी दिवाळीत दुकानाला कुलूप लावून तो उजाडता गेला. आमची मंडळी दर थोड्या वेळानं दारात. मी तिला ओरडत होतो आणि तिच्या मागून रस्ता बघत होतो.

दुपारी लोखंडी फाटक वाजलं. आमचं घर फाटकाला लागून, पहिलंच. मी उठून उभा राहिलो. कोणी आलं नाही.

डोकावून पाहिलं, तर जगू वैशालीची बॅग खांद्यावर घेऊन आमच्या दारावरून सरळ पुढं निघून गेलेला. मागं वैशाली, दमलेली, हसत. पहिली ओळ, दुसरी ओळ, बँकेच्या साहेबांचं घर, पिठाची गिरणी. प्रत्येक दाराशी तो थांबत होता. कोणी विचारो न विचारो, सांगत होता, "बेनला घेऊन आवलो. करजणहून."

"अहो, हाक मारा ना," मंडळी म्हणाली, "चहा आटतोय."

"आटू दे," मी म्हणालो.

आमचं दार पहिलं. ती दोघं आमच्या दारात सगळ्यांत शेवटी आली.