उखर्डूनानांची लिएन

उखर्डूनानांना नाव सांगितलंत की पुढचा प्रश्न ठरलेला: "तेना अर्थ काय शे?" बसमध्ये तिकीट फाडायच्या आत कंडक्टरला आपल्या नावाचा अर्थ सांगावा लागे. आमच्या धुळ्याच्या कचेरीत बदलून आलेल्या साहेबांनाही नानांनी सोडलं नाही. साहेब अडखळले. "घरी विचारून या," नाना म्हणाले, "अर्थाशिवाय नाव म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट."

त्यांच्या स्वतःच्या नावात मात्र उकिरडा. आधीचे भाऊ जगले नाहीत, म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं. असल्या नावाकडे मरण ढुंकूनही बघत नाही, अशी आमच्या खान्देशची समजूत.

दुसरा नाद रेडिओचा. दारात खाट टाकून परदेशी केंद्रं धरायचे. एकदा चीनच्या केंद्रावर हिंदी बोलणाऱ्या बाईनं आपलं नाव सांगितलं, लिएन. म्हणजे कमळ. बुद्धाचा धम्म तिकडे पोचला तसा कमळाचा मान वाढला, आता म्हणे गल्लोगल्ली लिएन! नाना खाटेवरून उठलेच. "आपला धम्म, आपलं फूल! मुलगी झाली तर लिएन."

झाली. पण ही दुसरी. पहिली नाव ठेवण्याआधीच गेली होती. म्हणून बारशाला एरंडोलहून आलेली अक्का, नानांची थोरली बहीण, पाळण्याशी जाईना. आणि आत्यानं कानात सांगितल्याशिवाय नाव लागतं कुठे?

"इतलं गोड नाव ठेवशी तं नजर लागी, भाऊ. दगडी ठेव."

"उकिरडा मी वागवला तेवढा पुरे, अक्का."

"तेनीच तुले जगाडं ना!"

मी शेजारी, मनातलं मनात ठेवणारा. आज सांगून टाकतो, अक्काची भीती माझ्याही पोटात होती. दगडी काय वाईट, असंच वाटलं मला.

अक्कानंच विचारलं, "कमळ उगस कोठे?"

"चिखलात."

"चांगला घाण?"

"गुडघाभर. वास मारणारा."

अक्का उजळली. "मंग आधी सांगता नही ये का, मेल्या! चिखल शे तं मरण कशाले हात घाली?" ती पाळण्यात वाकली आणि कानात सांगायचं नाव अशी ओरडली की कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलं. बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि घुगऱ्यांच्या मुठी भरून गल्लीतली पोरं 'लिएन, लिएन' करत सुटली. चीनमध्येही एवढा गजर झाला नसेल.

मंडळी पांगल्यावर मी म्हटलं, "नाना, एवढं शोधून शेवटी गल्लोगल्ली असलेलं नाव?"

नाना पाळण्याची दोरी ओढत राहिले. मग म्हणाले, "म्हणून तर. पहिलीला हाक मारायला माझ्याकडे काही नव्हतं. हे इतक्या जणींचं आहे, तिलाही चालेल."

आणि त्यांनी हळूच दोनदा हाक मारली. एकदा पाळण्याकडे बघून, एकदा नुसतीच.