चाळीस उणे एक दोष

वाईट काम कोणालाही करता येतं, हा माणसाचा एक जुना आणि निराधार समज आहे. आळसाने बिघडलेलं काम वेगळं आणि मन लावून बिघडवलेलं काम वेगळं. पहिलं आपोआप होतं. दुसऱ्याला शिस्त लागते, देखरेख लागते, समिती लागते, आणि मुख्य म्हणजे ते करणाऱ्याच्या हातात मुळीच गुण असून चालत नाही. यहूदियाच्या टेकड्यांमधल्या कफर लोझ गावच्या ओबद्या लोहाराचा सगळा घोटाळा या शेवटच्या अटीपाशी झाला.

त्याचं असं झालं. यरुशलेमच्या ढिगाऱ्यावर स्वतःच्या नावाचं नवं शहर बांधायचं रोमच्या कैसराने ठरवलं. लोक चिडणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने आधी पलटण वाढवली. पलटण वाढली की तलवारी लागतात. त्या तलवारी ज्यांच्यावर चालवायच्या त्यांच्याकडूनच करून घ्याव्यात असा हुकूम निघाला (लांबून माल आणायचा त्रास वाचतो, रोमन लोक कारभारात हुशार, हे कबूल केलंच पाहिजे). कफर लोझच्या वाट्याला दर हंगामाला चाळीस तलवारी आल्या.

गावची सभा सभास्थानात भरली. गावात घरं एकशे बारा आणि मतं एकशे चौदा, कारण दोन घरांत सासवा होत्या. तरीही गावचे वडील योएजर यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. तो असा:

(अ) यहूदी माणसाने तलवार बाळगणं हा गुन्हा आहे.
(ब) रोमन तपासनिसाने नापास केलेली तलवार ही तलवारच नव्हे, आणि नापास माल ज्याचा त्याने परत न्यायचा असतो.
(क) सबब, गावाने मुद्दाम वाईट तलवारी कराव्यात, त्या नापास करून घ्याव्यात, आणि उठावाचा दिवस उगवेपर्यंत तेलाच्या घाण्याखालच्या तळघरात ठेवाव्यात.

"आणि उठावाच्या दिवशी त्या नीट कोण करणार?" ओबद्याने विचारलं.

"दुरुस्ती हा पुढचा टप्पा आहे," योएजर म्हणाले. "आत्ताच त्यात घाई नको."

ओबद्या भट्टी पेटवून बसला. मनात देशप्रेम होतं, हात मात्र ऐकेना. डोकं सांगायचं, वाकडं मार. हातोडा सरळच पडायचा. पोलादाला पाणी द्यायच्या वेळी तो मुद्दाम तोंड फिरवून उभा राहिला, तरी नुसत्या चुरचुरण्याच्या आवाजावरून हाताने बरोबर वेळ साधली. तपासनीस विबियस आला, त्याने एक डोळा मिटून प्रत्येक पात्यावरून नजर फिरवली, पातं गुडघ्यावर वाकवून पाहिलं, खांबावर हाणून पाहिलं. चाळीसच्या चाळीस पास. "अशा तलवारी मी हिस्पानियाच्या नामी लोहारांकडेही पाहिल्या नाहीत," असं म्हणून त्याने त्यातलीच एक स्वतःच्या कमरेला लावली. ओबद्याला आनंद झाला, आणि आनंद झाल्याच्या लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विहिरीवर सगळ्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या," त्याची बायको मार्था म्हणाली. "घागर उचलून द्यायला एक पुढे आली नाही."

"अगं, मी काय कमी प्रयत्न केला?"

"अहो, न जमायला काय झालं? माझी डाळीची पळी नीट करायला दिली होती, ती तर चार वर्षं झाली, वाकडीच आहे."

"ती माझ्या हातची नाही. तुझ्या भावाच्या हातची आहे."

दुसऱ्या खेपेला अडतीस तलवारी पास झाल्या. उरलेल्या दोन्हींवरून गाडीचं चाक गेलं होतं. आता योएजर स्वतः घरी आले. त्यांच्या मुलाची, मत्तानची, आणि ओबद्याच्या मुलीची, शप्पीराची, सोयरीक ठरलेली होती, वचन झालेलं होतं, फक्त लग्न लागायचं होतं.

"ओबद्या, पोरगी गुणाची आहे, त्याबद्दल दुमत नाही," ते म्हणाले. "पण माणसाने देशासाठी एवढं तरी बिघडवावं की नाही? तिसऱ्यांदा माल पास झाला, तर मला मत्तानकडून सोडपत्र लिहवून घ्यावं लागेल. मग माझ्या नावाने बोटं मोडू नकोस."

दाराआड शप्पीराचं जातं थांबलं.

गाव मात्र नुसतं धमकावून थांबलं नाही, मदतीलाही धावलं. शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी वर्ज्य असलेली कामं चाळीस उणे एक आहेत, तेव्हा तलवारीचे मान्य दोषही तेवढेच असावेत असं ठरलं आणि त्यांची यादी करायला समिती बसली. पातं एक बोट वाकडं असलं की पुरे, असं ओढ्याकडच्या लोकांचं म्हणणं. दोन बोटं हवं, असं डोंगराकडच्यांचं. बोट कोणाचं धरायचं यावर अकरा दिवस गेले. मूठ सैल हा एक दोष की डावीकडे सैल आणि उजवीकडे सैल हे दोन, यावर तर दोन सख्खे भाऊ अजून बोलत नाहीत. अखेर यादी पूर्ण झाली. तीत अठ्ठाविसावा दोष "दिसायला बरी" असा आहे.

यादी समोर ठेवून ओबद्याने एक तलवार केली. ती पाहून समितीच्याच एका सभासदाच्या तोंडून "वा" निघून गेलं. तेव्हा नाइलाज होऊन त्याने मेव्हण्याला, त्या पळीवाल्या यशेबाबला, बोलावणं धाडलं.

यशेबाबने ऐरणीवर पाय ठेवून सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे वाईटच करायचंय ना, दाजी? मग तुम्ही मध्ये बोलू नका. मला माझ्या पद्धतीनं चांगलं करू द्या."

त्याने जीव ओतून काम केलं. चाळीसच्या चाळीस नापास. एक तलवार तर विबियस नुसती बघत असताना मोडली. आपण तिला हातसुद्धा लावला नव्हता, हे त्याने अहवालात आवर्जून लिहिलं. गावाने अंजिरं वाटली, द्राक्षारसाचे बुधले फोडले, यशेबाबला खांद्यावर घेतलं, आणि शप्पीराचं लग्न पुन्हा पक्कं झालं. ओबद्याला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की तोही नाचला.

पुढच्या दोन वर्षांत या कलेची फार भरभराट झाली. शेजारच्या गावांतून लोक यशेबाबकडे शिकायला येऊ लागले. ओबद्या भाता ओढू लागला. आपल्याकडून एखादी बरी तलवार चुकून रोमनांकडे जाऊ नये, म्हणून समिती आधी स्वतःच तपासणी करी. तीनपेक्षा कमी दोष आढळले तर खडूने फुली मारून तलवार परत पाठवी. म्हणजे रोमनांकडे नापास होण्यासाठी आधी गावात पास व्हावं लागे, आणि गावात पास व्हायला नापासच असावं लागे. सुरुवातीला लोकांचा गोंधळ व्हायचा, नंतर अंगवळणी पडलं. तळघरात तीनशे तलवारी साठल्या.

"या सरळ करता येणार नाहीत," ओबद्या एकदा योएजरना म्हणाला. "आतून भुसभुशीत आहेत. ऐन वेळी दगा देतील."

"अरे, रोमनांना फसवणाऱ्या तलवारी आपल्याला कशा फसवतील?" योएजर समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्या आपल्या बाजूच्या आहेत."

मग तो दिवस आला. उठाव झाला, स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष सुरू झालं, आणि कफर लोझच्या त्रेसष्ट पुरुषांनी खिंड धरावी असा निरोप आला. मत्तान त्यांच्यात होता. लग्न पुढच्या बुधवारी होतं. ओबद्याने चार दिवस कोणाशी न बोलता एक तलवार केली. दोन वर्षांनी हातोडा हातात आला होता. प्रत्येक घावाला त्याला इतकं बरं वाटत होतं की एकदा तो चक्क हसला. पातं असं उतरलं की त्याने ते बराच वेळ खाली ठेवलं नाही.

तलवारी वाटताना समितीने सवयीप्रमाणे तपासणी केली. मत्तानच्या तलवारीत एकही दोष सापडेना. तिघांनी आळीपाळीने पाहिली, यादी वरून खाली आणि खालून वर वाचली, आणि फुली मारली.

"मामा, ही नापास केली हो त्यांनी," मत्तान रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग ती तलवारच नव्हे," ओबद्या म्हणाला. "नसलेली वस्तू कमरेला लावायला कोणाला विचारायचं? लाव आणि चालायला लाग."

खिंडीत आठ रोमन आले, पुढे विबियस. आपल्या लोकांनी एका सुरात आरोळी ठोकून तलवारींना हात घातला. पुढचा तपशील असा: नुसती मूठ हातात आली, चोवीस, म्यानातून निघालीच नाही, एकोणीस, निघाली ती मान टाकून, अकरा, स्वतःच्याच ढालीवर आपटून मोडली, आठ. एकूण बासष्ट. त्या बासष्ट जणांनी मुठी फेकून गावाकडे धूम ठोकली (एक मूठ एका रोमनाच्या नाकावर बसली, शत्रूची हानी ती एवढीच). मत्तानची तलवार मोडली नव्हती, म्हणून त्याला पळायला कारण मिळेना. तो वाटेत उभा राहिला. विबियसने एक डोळा मिटून लांबूनच त्या पात्यावरून नजर फिरवली. ते कोणाच्या हातचं आहे आणि काय करू शकतं, हे त्याला पुरतं माहीत होतं. त्याने मुकाट्याने माघारीचा हुकूम दिला.

सभास्थानात विजयाची सभा भरली. हा विजय चाळीस उणे एक दोषांचा आहे, असा ठराव योएजर मांडू लागले, तोच मत्तान उभा राहिला.

"अब्बा, माझ्या हातात चांगली तलवार होती."

योएजरनी ओबद्याकडे पाहिलं. "ओबद्या, तू तलवार केलीस? नीट आठवून सांग. केली असशील तर यादी खोटी, समिती खोटी, आणि मीही खोटा. मग तुझी पोरगी या खोट्याच्या घरात येणार तरी कशी?"

शप्पीरा दारात उभी होती. ओबद्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. चार दिवसांचे फोड अजून ताजे होते.

"नाही," तो म्हणाला. "मी काही केलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडून एक काम पुरतं वाईट झालं होतं. त्याचे डोळे भरून आले; लोकांना वाटलं, पोरीच्या लग्नाचा आनंद. मत्तान तोंड उघडणार होता, पण दारातून शप्पीराने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बसला. मत्तानच्या हातात काहीच नव्हतं, सबब हा चमत्कार आहे, अशी नोंद झाली.

मग शेवटचा ठराव आला. वसंतात कैसर सगळं सैन्य घेऊन येणार, अशी पक्की खबर होती. तेव्हा साऱ्या मुलखाच्या तलवारी करायचं काम यशेबाबकडे सोपवावं. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. सगळ्यांनी केले. ओबद्यानेही केला, कारण बुधवार चार दिवसांवर होता.

सभेत पुरुष सत्त्याण्णव होते. योएजरनी हात मोजले, ते अठ्ठ्याण्णव भरले. त्यांनी पुन्हा मोजले, तरी तेवढेच. हा जास्तीचा हात कोणाचा, ते कोणालाच कळेना.

वाचकहो, ठराव मंजूर झाला आहे. आता हात खाली घ्या.