किल्ली की स्वेटर?

आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे श्री. रमाकांत घाग अनोळखी माणसाला नाव, गाव, हुद्दा यांपैकी काहीही विचारत नाहीत. ते फक्त विचारतात, "किल्ली की स्वेटर?"

हा प्रश्न त्यांनी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला विचारलेला मी स्वतः ऐकला आहे. मतदारयादी तपासायला आलेल्या शिक्षिकेला त्यांनी तो विचारला. नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत उभ्या असलेल्या, त्यांच्याशी कोणताही संबंध नसलेल्या कुटुंबांना विचारला. हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी "काका, आता आकडे मोजा" असे सांगितले, तेव्हा "आधी तुम्ही सांगा, किल्ली की स्वेटर?" असे विचारून, उत्तर कानी पडण्यापूर्वीच हे गृहस्थ बेशुद्ध झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली चौकशी स्वतःच्या प्रकृतीची नव्हे, त्या डॉक्टरांची केली.

येथे खुलासा करणे आवश्यक आहे. घाग कॉलेजात होते त्या काळात 'पाचवा मजला' नावाचा एक मराठी पॉप बँड होता. बँडमध्ये इसम चार. नाव पाचवा मजला. या विसंगतीचे समाधानकारक स्पष्टीकरण मला आजतागायत मिळालेले नाही. त्यांच्या तीन कॅसेटी निघाल्या, आणि मग ते चौघे आपसांत भांडून वेगळे झाले. उरली ती गाणी आणि गाण्यांवरून भांडणारी माणसे. 'गच्चीची किल्ली' आणि 'उलटा स्वेटर' ही त्यांतली दोन गाणी. यांपैकी सर्वश्रेष्ठ कोणते, हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. बँड नामशेष असल्यामुळे या दाव्यात नवा पुरावा दाखल होण्याची शक्यता शून्य. तरीही सुनावणी दर रविवारी होते, आणि ती बाळकुममधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात होते, हे माझ्या संतापाचे मूळ कारण.

मी दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. महानगरपालिका, वीज कंपनी आणि आमची व्यवस्थापन समिती या तिघांनाही माझे हस्ताक्षर पाकिटावरून ओळखता येते. सभागृह हे सभासदांच्या कौटुंबिक कार्यासाठी आहे, असे उपविधींत स्वच्छ लिहिले असताना तेथे बाहेरची माणसे आणून गिटारच्या तुकड्यांवर हाणामारीच्या सुरात बोलणे कोणत्या कलमात बसते? मी घागांना रीतसर पत्र लिहिले. परिच्छेद सात. पोच घेतली.

दुसऱ्या दिवशी घाग पाचव्या मजल्यावर माझ्या दारात उभे. एका हातात माझे पत्र, दुसऱ्या हातात झाकलेली बशी.

"साहेब, तुम्ही राहता पण पाचव्या मजल्यावर! काय योग आहे बघा."

"पत्राचे उत्तर लेखी द्यावे, असे सातव्या परिच्छेदात नमूद आहे."

"मुद्दा मान्य," घाग म्हणाले, "निकाल अमान्य. हे पोहे घ्या. गरम आहेत. आणि एक सांगा, किल्ली की स्वेटर?"

"मला दोहोंशी कर्तव्य नाही," मी म्हणालो.

'मुद्दा मान्य, निकाल अमान्य' हे त्यांचे पेटंट वाक्य. रिक्षावाल्याने भाडे सांगितले, डॉक्टरांनी साखर बंद केली, भाजीवालीने कोथिंबीर फुकट मिळणार नाही म्हटले, तरी हेच. मागे एका कारखान्यात ते फोरमन होते. कारखाना बंद पडल्याची नोटीस फाटकावर लागली, तेव्हाही म्हणे त्यांनी तिच्यासमोर उभे राहून हेच वाक्य उच्चारले होते. लग्न त्यांनी केले नाही. "जुळतच आलेलं," ते सांगतात, "पण मुलगी बोलली, मी ही गाणी ऐकलेलीच नाहीत. आता अशा माणसाशी संध्याकाळी बोलायचं काय?"

पोहे उत्तम होते. माझा आक्षेप तरीही कायम होता.

पुढे जे घडले त्यास सौ. सुजाता कांबळे जबाबदार. या बाई कल्याणला एका सरकारी कार्यालयात अधिकारी आहेत. दर रविवारी त्या कल्याणहून बाळकुमला येतात आणि किल्लीच्या बाजूने बोलतात. एका रविवारी मी आवाजाची तक्रार घेऊन सभागृहात शिरलो, तेव्हा त्या टेबलावर हात आपटत होत्या.

"किती वर्षं तेच तेच! नियम नाही, मतदान नाही, काही नाही. एकदा कोणीतरी तिऱ्हाईत माणूस बसवा आणि लावा निकाल. साहेब, तुम्ही ऐकलीयेत का यांची गाणी?"

"एकही नाही," मी अभिमानाने सांगितले.

"बघा! असा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मिळणार नाही. हेच अध्यक्ष."

"कशाला उगाच साहेबांना त्रास?" घाग घाईने म्हणाले. "त्यांना पत्रं लिहायची असतात."

हे वाक्य त्यांनी उच्चारले नसते तर मी नकार दिला असता. मी तत्काळ अध्यक्षपद स्वीकारले आणि आठ दिवसांत नियमावली तयार केली.

त्यानंतरच्या काही रविवारी मी जे ऐकले, ते कोणत्याही न्यायालयात ऐकले नव्हते. बाळकुम गावातलेच पाटील हे स्वेटरपक्षाचे. त्यांचे म्हणणे, दुसऱ्या कडव्यानंतर गायक जो श्वास घेतो, तो श्वासच सगळ्या किल्लीपेक्षा मोठा. "बाई, तो श्वास ऐकला ना, की माझ्या अंगावर काटा येतो काटा!"

"पाटील, तो श्वास नाही, सर्दी आहे," कांबळेबाई.

"सर्दी पण सुरात आहे ना?"

डोंबिवलीचे सबनीस मास्तर दोन्ही पक्षांना चूक ठरवून 'उद्या नक्की' नावाच्या तिसऱ्याच गाण्याचा उल्लेख करीत. त्यांना दोन्ही पक्ष मिळून खाली बसवीत. ठाण्याच्या हवेत स्वेटर लागतोच कशाला, असा मूलभूत प्रश्न मी एकदा अध्यक्षस्थानावरून विचारला. "साहेब," पाटील हळूच म्हणाले, "तेच तर गाणं आहे."

आणि घाग? घागांचे वर्तन पाहून माझे रक्त तापे. एका रविवारी ते किल्लीच्या बाजूने इतके कळवळून बोलत की पाटलांचे डोळे भरून येत. पुढच्या रविवारी किल्लीपक्ष वरचढ होऊ लागला की हेच गृहस्थ स्वेटरचे वकीलपत्र घेऊन उभे. न्यायालयात अशा साक्षीदाराला फितूर म्हणतात. सभासद आठ; मतदानापुरती मास्तरांनाही दोहोंपैकी एक बाजू घ्यावीच लागे; हात वर करून मतदान घेतले की दर खेपेस चार विरुद्ध चार.

त्यातले इंगित कांबळेबाईंच्याच लक्षात आले. "अहो घाग, तुम्ही आधी आमचे हात मोजता आणि मग स्वतःचा वर करता!"

"मुद्दा मान्य," घाग पडलेल्या आवाजात म्हणाले.

मी उभा राहिलो. हा सरळ सरळ प्रक्रियेचा दुरुपयोग होता. मी तेथेच नवा नियम केला: पुढील रविवारी सर्व सभासद डोळे मिटून मत देतील, कोणाचेही डोळे उघडे आढळल्यास मतदान रद्द होईल, हात अध्यक्ष मोजतील, आणि लागलेला निकाल अंतिम असून हा विषय कायमचा बंद होईल.

टाळ्या पडल्या. घागांनी टाळी वाजवली नाही. "कायमचा?" त्यांनी विचारले.

"कायमचा," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी लिफ्ट बंद असताना जिने चढून ते माझ्याकडे आले. या वेळी हातात बशी नव्हती. सोफ्याच्या कडेला टेकले. माझ्या पत्नीने पाणी दिले.

"साहेब, एक तारीख द्या ना."

"कसली तारीख?"

"पुढची. उद्याचं मतदान थोडं पुढे ढकला."

"कारण?"

"पाटलाकडे लग्न आहे."

"पाटलांनी उपस्थित राहत असल्याचे कळवले आहे."

"मग मला बरं नाहीये."

"आपण आत्ताच दोन मजले चढून आलात आणि आपल्याला धापही लागलेली नाही."

तारीख या शब्दाने माझा तोल जातो. उभी नोकरी मी तारखा देण्यात घालवली. काळ्या केसांनी आलेले पक्षकार पांढऱ्या केसांनी त्याच बाकावर बसलेले मी पाहिले आहेत. वकील आजारी, तारीख. कागद सापडत नाही, तारीख. निकाल रोखून धरणे हा अन्याय आहे, असे मी घागांना चढ्या स्वरात, तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मी आधी शहाडला राहायचो," मग ते म्हणाले. "तिथे पण आमचा ग्रुप होता. हाच बँड, हीच गाणी. मस्त चाललेलं. मग एक जण आला, शिस्तीचा. तुमच्यासारखा. बोलला, एकदाचं संपवून टाकू. संपवलं. स्वेटर पहिला आला. पेढे वाटले, फोटो काढला, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. पुढच्या रविवारी मी टोपभर पोहे केले आणि बसलो."

"मग?" माझ्या पत्नीने विचारले.

"कोणी आलंच नाही, वहिनी. भांडण नव्हतं हो. रागावलं पण नव्हतं कोणी. यायला कारण उरलं नव्हतं, एवढंच."

"फोन करायचा की."

"आणि काय सांगू? बसायला या? असं कोण सांगतं?" घाग हसले. "वाद घालायला या, हे सांगता येतं."

"आणि ते पोहे?"

"खाल्ले ना. मंगळवारपर्यंत खाल्ले."

"नियमावलीत अशा कारणासाठी स्थगितीची तरतूद नाही," मी म्हणालो, आणि ते खरे होते.

"मुद्दा मान्य," घाग म्हणाले. पुढचे दोन शब्द ते बोलतील म्हणून मी थांबलो. ते बोलले नाहीत. पेला ट्रेमध्ये ठेवून ते उठले आणि जिन्याने खाली गेले.

"नियम तुम्हीच केलेत ना?" पत्नी म्हणाली.

"म्हणूनच मला ते मोडता येत नाहीत," मी उत्तर दिले. त्या दुपारी महानगरपालिकेला गटाराच्या झाकणाविषयी पत्र लिहायला घेतले, ते पहिल्या परिच्छेदापुढे सरकले नाही.

रविवारी सगळे वेळेवर हजर होते. सबनीस मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पाटलांनी निकालानंतर वाटायला पेढ्यांचा पुडा आणला होता. तो टेबलावर माझ्यासमोरच ठेवला गेला. घागांनी खुर्च्या मांडल्या, पोहे वाढले, आणि स्वतः शेवटच्या खुर्चीवर बसले. मी नियम वाचून दाखवले आणि डोळे मिटण्याचा आदेश दिला.

"किल्लीच्या बाजूने हात वर करावेत."

हात वर झाले. मी मोजू लागलो. कांबळेबाईंनी डोळे इतके घट्ट मिटले होते की कपाळावर आठ्या पडल्या होत्या. पाटील हात खाली ठेवून, ओठ हलवत, मनातल्या मनात बहुधा तो श्वासच घेत होते. मग माझी नजर शेवटच्या खुर्चीवर गेली.

घागांचा हात वर नव्हता. त्यांचे डोळे सताड उघडे होते. हात ते मोजतच नव्हते. ते माणसे पाहत होते. एकेका चेहऱ्यावर नजर ठेवून, पुरेसे पाहून झाल्यावर पुढच्या चेहऱ्यावर जात होते. स्टेशनवर पोचवायला आलेला माणूस गाडी हलण्यापूर्वी खिडकीतून पाहतो, तसे. सबनीस मास्तरांच्या सदऱ्याला पोह्याचा एक दाणा चिकटला होता. घागांनी तो अलगद झटकला. मास्तरांना कळलेही नाही. मग त्यांनी वर पाहिले, आणि आमची नजरानजर झाली.

मी हातोड्याऐवजी चमचा टेबलावर आपटला.

"डोळे उघडावेत. एका सभासदाने मतदानाच्या वेळी डोळे उघडे ठेवल्याचे अध्यक्षांच्या निदर्शनास आले आहे. सबब आजचे मतदान नियमानुसार रद्दबातल ठरवण्यात येत आहे."

गदारोळ झाला. "कोणी? कोणी उघडले?" कांबळेबाई उभ्या राहिल्या. "नाव सांगा त्याचं!"

"नाव जाहीर करण्याची तरतूद नियमावलीत नाही," मी म्हणालो. "पुढील तारीख, येता रविवार."

"आणि तेव्हा पण कोणी उघडले तर?" पाटलांनी विचारले.

"तर त्यापुढील रविवार. नियम म्हणजे नियम."

कांबळेबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग शेवटच्या खुर्चीकडे पाहिले. त्यांनी पर्स उचलली. "घाग," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी पोह्यात मिरची कमी टाका. आज जाळ झालेला नुसता." पाटलांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा पिशवीत घातला. सबनीस मास्तर 'उद्या नक्की'विषयी काही बोलू लागताच त्यांना रीतीप्रमाणे खाली बसवण्यात आले.

सगळे गेल्यावर घाग खुर्च्या एकावर एक रचत होते. मी पोह्यांचा टोप पाहिला. रिकामा होता.

"साहेब," पाठमोरे असतानाच ते म्हणाले, "आता तरी सांगा. किल्ली की स्वेटर?"

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," मी म्हणालो. "मला मत देता येणार नाही."

आणि उरलेल्या खुर्च्या मी रचू लागलो.