टाकीतला उजेड

रविवारी सकाळी तेलकाकांनी टाकीत डोकावायचं ठरवलं, ते काही टाकीच्या काळजीने नव्हे. टॉर्चला काम मिळावं म्हणून.

तेलकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. वजनमापांच्या ऑफिसातली कारकुनी उरकून घरी आले, की काका तेलाची बारकी पिचकारी घेऊन जे जे कुरकुरेल त्याच्या मागे लागत. फाटकाच्या बिजागऱ्या, कुलपं, शेजाऱ्यांच्या सायकली, छत्र्यांच्या काड्या. (कुरकुरणाऱ्यांत घरात एकट्या काकूच उरल्या होत्या. तिथे तेलाची मात्रा चालत नव्हती.)

अशा माणसाच्या हातात चांगली दणकट टॉर्च पडल्यावर काय होणार? पोटच्या पोरीसारखी तिची निगा सुरू झाली. दर रविवारी ती उघडायची, सेल कोरड्या फडक्याने पुसायचे, आतली स्प्रिंग खोडरबराने घासायची, काचेवर फ्लॅनेल फिरवायचं आणि शेवटी टोपणातल्या रबरी रिंगेला बोटाने ग्रीस लावायचं.

“या रिंगेत तिचा सगळा जीव,” ते काकूंना समजावत. “ग्रीस असलं, की पाण्याचा थेंब आत जायचा नाही.”

“माझ्या गुडघ्याला कधी एवढ्या मायेने बाम चोळलात का?” काकू विचारत.

अडचण एवढीच, की टॉर्चला काम नव्हतं. काका डोळ्यांत तेल घालून वाट बघत, पण मेली वीज जाईल तर शपथ! शेवटी त्यांना जिन्याखालची सगळ्यांची मिळून असलेली पाण्याची टाकी आठवली. तिथे भर दुपारीही अंधार. टाकीत गाळ साचलाय का, ते बघून यावं.

त्यांनी लोखंडी झाकण सरकवलं, टॉर्च लावली आणि वाकले. बोटांना मघाचं ग्रीस तसंच होतं. टॉर्च मासोळीसारखी सुळकन निसटली. डुबुक!

काकांच्या काळजाचं पाणी झालं. पण खाली बघतात तो काय, तळाशी टॉर्च झगझगीत जळतेय! (खरं सांगायचं तर त्यांना आधी अभिमान वाटला, वाईट नंतर वाटलं.) थेंब आत गेला नव्हता. सेल संपले की आपसूक विझेल, मग सवडीने गळ टाकून काढू, असा विचार करून त्यांनी झाकण ओढलं आणि काही न झाल्यासारखे घरी आले.

“टॉर्च कुठाय?” काकूंनी विचारलं.

“आहे की. सुरक्षित आहे.”

चहाचा कप तोंडाला लावतात न लावतात तोच खालून आरडाओरडा ऐकू आला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या पण इमारत अजूनही वर्गासारखी चालवणाऱ्या, बाजारातून येत होत्या. झाकणाच्या फटीतून येणारा उजेड त्यांनी पाहिला होता.

“टाकीत करंट उतरलाय! पंपाची वायर पाण्यात पडलीय! नळाला कुणी हात लावायचा नाही!”

इमारतभर धडाधड नळ बंद झाले. तळमजल्यावरचे टेलरकाका तर डोक्याला साबण लावलेला, टॉवेल गुंडाळलेला, डोळे मिटलेले, अशा अवस्थेत चाचपडत बाहेर आले. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. टाकीतला उजेड तसाच.

“मेन बंद करूनही जळतंय!”

“म्हणजे करंट शेजारच्या इमारतीतून येतोय!”

“तेलकाका, तुम्हाला यातलं कळतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुमचं काय मत?”

“थोडी वाट बघू,” काका म्हणाले. “विझेल आपोआप.”

“करंट आपोआप विझतो?”

सांगून टाकायची हीच वेळ होती. शब्द अगदी ओठांवर आला. पण मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि तो आला तसा पोटात परत गेला.

दुपार झाली. वीज नाही, पाणी नाही, वायरमन ‘येतो’ म्हणून सांगून बेपत्ता. काका घडीघडी खाली जाऊन टाकीत बघत. उजेड तसूभरही कमी होत नव्हता. ग्रीस थोडं हातचं राखून लावलं असतं तर, असा विचार आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आला.

मग त्यांना खिडकीतून एक म्हातारी दिसली. पहिल्या मजल्यावरच्या बाळंतिणीची आई. शेजारच्या इमारतीतून बादली भरून आणत होती. दोन पावलं चालायची, बादली टेकवायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची. काका तसेच अनवाणी धावले आणि बादली तिच्या हातातून घेतली.

“देव तुमचं भलं करो,” म्हातारी धापा टाकत म्हणाली. “तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून निभतंय बघा.”

दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. काकांनी बादली तिच्या दारात ठेवली, थेट जिन्याखाली आले आणि जमलेल्या घोळक्यासमोर उभे राहिले.

“तो करंट नाही. ती माझी टॉर्च आहे. सकाळी हातातून पडली.”

सगळ्यांच्या माना टाकीकडून काकांकडे वळल्या.

“आणि तुम्ही सकाळपासून आमच्याबरोबर उभे राहून आत डोकावत होतात?” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“हो.”

“बाकावर उभं करू का तुम्हाला?”

“माझे डोळे अजून चुरचुरताहेत!” टेलरकाका ओरडले.

तेवढ्यात घोळक्यातून वाट काढत काकू पुढे आल्या. काकांनी मान खाली घातली.

“चुकलंच त्यांचं,” काकू म्हणाल्या. “पण आपणहून सांगितलं ना? कोण सांगतं हल्ली? प्लंबरला बोलवा. माझ्याकडे पिंपभर पाणी आहे, सगळ्यांना चहा टाकते.” आणि जाता जाता काकांच्या कानाशी, “घरी चला, मग बघते.”

प्लंबरने टाकी रिकामी केली आणि आत उतरला. आतून त्याचा आवाज घुमला, “अहो, केवढा हा गाळ! हे पाणी पीत होतात तुम्ही?” मग टॉर्चच्याच उजेडात टाकी घासूनपुसून लख्ख झाली. मास्तरीणबाईसुद्धा नरमल्या. “एका अर्थी बरंच झालं म्हणायचं,” त्या म्हणाल्या, आणि काकांची छाती फुगली.

प्लंबरने टॉर्च वर दिली. काकांनी ती शर्टाच्या टोकाने मायेने पुसली. “बघा! दिवसभर पाण्यात, पण आहे का काही फरक?” असं म्हणत त्यांनी ऐटीत बटण दाबलं.

टॉर्च विझली नाही. पुन्हा दाबलं. नाहीच. बटणात गाळ जाऊन बसला होता. टोपण उघडून सेल काढावेत, तर ते काकांनी स्वतःच एवढं आवळलेलं, की जागचं हलेना.

“पान्याने एक पिळा मारू?” प्लंबरने विचारलं.

“छे छे! ओरखडे पडतील!”

ती रात्रभर कपाटात, गोधडीत, शेवटी तांदळाच्या डब्यात जळत राहिली. सोमवारी काका ऑफिसला दांडी मारून दुकानात गेले आणि जळती टॉर्च काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली, बटण दाबून पाहिलं.

“गॅरंटी आहे ना हिची?” काकांनी विचारलं.

“आहे की, पाच वर्षं,” दुकानदार म्हणाला. “बंद पडली की घेऊन या.”